मुकादमबाई आणि पाच माना

…तर साहेबांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि खड्ड्याच्या काठावर उभं राहून विचारलं, "मॅडम, उतरायलाच हवं का? इथूनही सगळं दिसतंय की!" इथवर गोष्ट काल आली होती. आता पुढचं ऐका.

मुकादमबाई केव्हाच खाली उतरल्या होत्या. अनवाणी, आणि घोट्याच्या वरपर्यंत काळा चिखल. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेब, दिसायचं ते फोटोतही दिसतं. वास इथे खाली आहे. या."

साहेब आले. पायाच्या बोटांच्या फटींतून तो थंड, बुळबुळीत चिखल वर आला तेव्हा त्यांचं तोंड असं झालं, की पाइपलाइनच्या फोरमनला हसू आवरेना. त्यानं खोकल्याचं निमित्त करून पाठ फिरवली. समाजशास्त्राच्या बाईंनी अत्तर शिंपडलेला रुमाल नाकाला लावला होता. मुकादमबाईंनी तो हात पुढे करून सरळ काढून घेतला. "नाक घरी ठेवून यायचं होतं का? मग आज आणलंय कशाला?"

खड्ड्यात होतं काय, तर शहराच्या खालच्या वस्तीचं उघडं गटार, आणि त्या गटाराच्या पोटातून आडवा गेलेला पिण्याच्या पाण्याचा पाइप. पाइपाचा सांधा फुटलेला. कुणी तरी केव्हा तरी त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, तिच्यावर फडकं, त्या फडक्यावर शेवाळ, आणि शेवाळात वळवळणारं जे काही होतं त्याचं नाव न घेतलेलं बरं. प्रयोगशाळेचे सर बाटली घेऊन वाकले आणि म्हणाले, "म्हणजे नळाला पाणी सोडलं की हा पाइप बाहेर थुंकतो, आणि पाणी बंद झालं की आतमध्ये गिळतो."

"काय गिळतो?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही ज्यात उभे आहात ते."

साहेब एका पायावर उभे राहिले. मग दुसऱ्यावर. मग त्यांच्या लक्षात आलं, की दोन्ही पाय एकाच वेळी उचलायची सोय माणसाला दिलेली नाही.

सगळं पाहून झाल्यावर मुकादमबाई वर आल्या, एका पडक्या भिंतीच्या आड गेल्या, भडाभडा ओकल्या, स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली, तोंड पुसलं आणि परत येऊन म्हणाल्या, "हं. तर कुठे होतो आपण?"

गंमत हीच होती, बरं का. या बाईला जगात सगळ्यात जास्त किळस कशाची, तर घाणीची. आणि आयुष्यभराचं काम कुठलं निवडलं, तर घाणीचं.

लहानपणी ती पाणी पिण्याआधी पेला हुंगायची. पाहुण्यांकडे गेली की तिच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण ही चिमुरडी भरल्या घरात पेल्यात नाक घालून सांगायची, "या पेल्याला कालच्या दुधाचा वास येतोय." आत्या म्हणायची, "हिच्या लग्नात नवरा नको शोधायला, साबण शोधा." दुसऱ्याच्या ताटातलं ती खायची नाही, दुसऱ्याचा टॉवेल घ्यायची नाही, आणि शाळेत सगळ्या मुली एकच आइस्क्रीम आळीपाळीनं चाटायच्या तेव्हा ही लांब उभी राहून असं बघायची, जसं काही कुणाचं ऑपरेशन चाललंय.

मग ती शिकली. साथीचे आजार कुठून येतात, कुणाला आधी गाठतात, कुणाला सोडतात, याचं शास्त्र ती शिकली आणि पुढे विद्यापीठात तेच शिकवू लागली. घरचे म्हणाले, अगं, तुला नखातला मळ सहन होत नाही, तू हगवणीच्या साथी कशा मोजणार? ती म्हणाली, "ज्याला वास येत नाही त्यानं शोधायचं काय?"

नवराही तिला बरोबर मिळाला. तो कवळ्या बनवायचा. घराला लागूनच त्याची कामाची खोली, आणि तिथे फळीवर प्लास्टरच्या जबड्यांत बसवलेले दात ओळीनं हसत असायचे. लग्न ठरवायला ती पहिल्यांदा आली तेव्हा त्याच्या आईनं ती खोली मुद्दाम बंद करून ठेवली होती. पोरगी दात बघून पळायची. पण पोरीनं वासावरूनच दार शोधलं, उघडलं, सगळे जबडे नीट बघितले आणि म्हणाली, "हे दात तरी धुतलेले असतात. माणसांच्या तोंडातल्यांचं काही सांगता येत नाही." त्यानं तिथल्या तिथे होकार दिला.

आता 'मुकादमबाई' हे नाव कसं पडलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विद्यापीठानं आणि सरकारी खात्यानं मिळून एक मोठं काम काढलं, की शहराच्या पाण्याचा आणि आजारांचा काय संबंध आहे ते सगळ्यांनी एकत्र बसून शोधायचं. सगळ्यांनी म्हणजे शास्त्रवाल्यांनी, धोरणवाल्यांनी आणि प्रत्यक्ष हात घालणाऱ्यांनी. बाई त्याच्या प्रमुख. त्यांच्या हाताखाली पाच जण. पाणी तपासणारे प्रयोगशाळेचे सर. वस्त्यांत घरोघरी मुलाखती घेणाऱ्या समाजशास्त्राच्या बाई. खात्याकडून साहेब. वस्तीतल्या दवाखान्याच्या सिस्टर. आणि पाइपलाइनचा फोरमन. बाईंच्या दारावर लावायच्या पाटीवर 'बहुविद्याशाखीय संशोधन गटाच्या प्रमुख' एवढं लिहायचं होतं. रंगाऱ्याला ते एका ओळीत बसेना, म्हणून त्यानं 'बहुविद्या' वर लिहिलं आणि 'शाखीय' खाली, आणि येणारे-जाणारे विचारू लागले की शाखा कुठली. फोरमननं एकदा ती पाटी वाचली आणि म्हणाला, "एवढं कशाला? स्वतः फावडं धरायचं नाही आणि दुसऱ्याचं थांबू द्यायचं नाही, अशा माणसाला आमच्याकडे मुकादम म्हणतात." बाई इतक्या खूष झाल्या, की त्यांनी स्वतःच ते नाव चालू केलं.

पाच जणांची ही मोट बांधणं म्हणजे काय होतं म्हणून सांगू! पहिल्या बैठकीत सर बोलले तेव्हा सिस्टरला डुलकी लागली. सिस्टर बोलल्या तेव्हा सर मोबाइल बघत बसले. समाजशास्त्राच्या बाईंनी तर असं काही मांडलं, की साहेब म्हणाले, "छान," आणि फोरमननं शेजाऱ्याला विचारलं, "संपलं का?" दोन-तीन बैठका अशा गेल्यावर मुकादमबाईंनी नियम केला. आपलं काम आपण सांगायचं नाही. दुसऱ्यानं सांगायचं, आणि ज्याचं काम त्यानं "बरोबर" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग काय, मजाच मजा. फोरमनवर पाळी आली मुलाखतींचं प्रकरण सांगायची. तो उभा राहिला, गळा साफ केला आणि म्हणाला, "म्हणजे असं आहे, की वस्तीतल्या बाया पाण्याबद्दल खरं सांगतात. पण सासू उठून गेल्यावर."

समाजशास्त्राच्या बाई बघतच राहिल्या. "माझी शंभर पानं एवढ्यात?"

"चुकलं का?"

"नाही हो. तेच तर वाईट आहे."

सर पाइपावर बोलायचे, सिस्टर नमुन्यांवर बोलायच्या, साहेब आजाऱ्यांवर बोलायचे. प्रत्येक जण दुसऱ्याच्या कामात डोकं घालायला शिकला. खड्ड्यात "थुंकतो आणि गिळतो" हे सरांनी सांगितलं ते म्हणूनच. मूळ ज्ञान फोरमनचं, पण पाळी सरांची.

इथवर सगळं झकास होतं. पण मुकादमबाईंनी आणखी एक नियम केला होता, आणि तिथेच त्या फसल्या. मागे एका कामात त्यांनी पाहिलं होतं, की अहवाल लिहायची वेळ आली की ज्याचा हात वरचा तो बाकीच्यांना पुसून टाकतो. सिस्टरसारख्या माणसांचं नाव शेवटच्या पानावर आभारात येतं. तसं इथे होऊ द्यायचं नाही म्हणून त्यांनी ठरवलं, की पाचही माना हलल्याशिवाय एकही वाक्य अहवालात जायचं नाही, आणि पाचही हलल्या की त्या वाक्याला कुणी हात लावायचा नाही. आणि मुकादमाला मत नाही. मुकादमानं फक्त विचारायचं, "हलली?" आणि मोजायचं. सगळे म्हणाले, वा, असा प्रमुख बघितला नाही. आणि खरंच बघितला नव्हता.

खड्डा पाहून झाला, बाटल्या तपासून झाल्या, घरं फिरून झाली, आणि मुकादमबाईंनी अहवालाचं मुख्य वाक्य लिहिलं. साधं, सरळ. 'खालच्या वस्तीतल्या नळांना गटाराचं पाणी येतं, त्यामुळे तिथे कावीळ झाली आहे. ती गळती ताबडतोब बंद करावी आणि तोवर टँकरनं पाणी द्यावं.' घाई होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. ही कावीळ धडधाकट माणसाला अंथरुणाला खिळवते आणि सोडते. पण गरोदर बाईच्या जिवावर बेतते. सिस्टरच्या दवाखान्यात पिवळ्या डोळ्यांच्या पोटुश्या बाया यायला लागल्या होत्या. शहराच्या समितीपुढे अहवाल वाचला, की समिती तिथल्या तिथे हुकूम देऊ शकत होती. फक्त ते एक वाक्य तिथवर पोहोचायला हवं होतं.

वाचनाच्या आदल्या दुपारी सगळे विद्यापीठाच्या बैठकीच्या खोलीत जमले. लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली कुण्या जुन्या परिषदेचं पिवळं पडलेलं वेळापत्रक. मधोमध प्लास्टिकची फुलं, त्यांच्या पाकळ्यांवर धूळ बसून ती खऱ्यासारखी दिसायला लागलेली. प्रत्येकासमोर सीलबंद पाण्याची बाटली. भिंतीवर ते वाक्य मोठ्या अक्षरांत उमटलेलं.

"हलली?" मुकादमबाईंनी विचारलं.

एकही पुरती हलली नाही. सर आधी बोलले. "मॅडम, एकच शब्द. 'त्यामुळे'. नळाचं पाणी आणि गटाराचं पाणी एकच आहे, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण रक्त मी तपासलेलं नाही. 'त्यामुळे' म्हणायला माझं शास्त्र मला मोकळीक देत नाही. 'संबंध दिसतो' म्हणू या."

माणूस प्रामाणिक. मान हलावी म्हणून 'त्यामुळे' गेलं.

मग समाजशास्त्राच्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "मी त्या घरांमध्ये शब्द दिलाय. तुमच्या वस्तीचं नाव कुठे येणार नाही, असं सांगून मी त्यांच्याकडून बोलणं काढलंय. नाव छापलं तर मी उद्या कुठल्या दारात उभी राहू?" हेही खरंच. 'खालच्या वस्तीतल्या' गेलं, 'काही भागांतल्या' आलं.

फोरमन इतका वेळ बाटलीच्या झाकणाशी खेळत होता. "गळती म्हटलं ना मॅडम, की वरून एकच प्रश्न येतो, कुणाच्या पाळीत झाली? आणि मग ज्याचा काही संबंध नाही असा पाना धरणारा एखादा पोरसवदा घरी बसतो. माझी माणसं आहेत ती. तो पाइप आमच्या बापजाद्यांच्या वेळचा आहे. 'जुनी रचना' म्हणा की." गळती गेली, आणि तिच्याबरोबर गटाराचं पाणीही.

सिस्टर तरी काही बोलणार नाहीत, असं मुकादमबाईंना वाटलं होतं. सिस्टर बोलल्या, आणि खाली बघत बोलल्या. "मागच्या खेपेला नुसती कुजबुज झाली होती काविळीची. वस्तीतल्या बाया ज्यांच्याकडे भांडी घासतात त्यांनी एका आठवड्यात दारं बंद केली. घरात आजारी माणूस आणि हातचं काम गेलेलं. मॅडम, मी ते बघितलंय. 'कावीळ' लिहू नका. 'आरोग्यविषयक तक्रारी' लिहा."

आता उरले साहेब. साहेबांबद्दल गैरसमज नको. इतका चांगला साहेब त्या खात्यानं पाहिला नव्हता. सगळ्या खात्यातून चिखलात उतरलेला तो एकटाच. ते मनापासून म्हणाले, "'ताबडतोब' या शब्दाला आमच्याकडे कलम लागतं. ते कलम लागलं की फाइल थेट वर जाते, आणि वरचे पहिल्यांदा काय करतात, तर फाइल अडवतात. 'योग्य वेळी' लिहिलं तर ती खालून-खालून तरी सरकेल. मी स्वतः ढकलीन. शब्द देतो."

राहता राहिला टँकर. वस्तीच उरली नाही, तर तो पाठवायचा कुठे? म्हणून टँकरही गेला.

भिंतीवर आता असं होतं: 'काही भागांतल्या पाणीपुरवठ्याच्या जुन्या रचनेचा आणि काही आरोग्यविषयक तक्रारींचा संबंध दिसतो, त्याबाबत योग्य वेळी विचार व्हावा.'

"हलली?" मुकादमबाईंनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

पाचही हलल्या. आणि सगळ्यांनी एकदमच सीलबंद बाटल्यांची झाकणं करकर करून उघडली आणि घोटघोट पाणी प्यायलं. त्या एवढ्याशा आवाजाची मुकादमबाईंना अशी किळस आली, की त्यांना खिडकीपाशी जाऊन उभं राहावं लागलं. खड्ड्यात आली नव्हती इतकी. सर म्हणाले, "चहा सांगू का, मॅडम?" त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

संध्याकाळी घरी नवऱ्यानं ताट वाढलं. त्यांनी बाजूला सारलं.

"खाऊन घे गं. पुन्हा खड्ड्यात गेली होतीस का?"

"नाही हो. बैठकीच्या खोलीत."

नवऱ्यानं हातातली कवळी खाली ठेवली. बायकोचं तोंड बघून विनोद गिळायचा असतो, एवढं त्याला संसारानं शिकवलं होतं, तरी एक निसटलाच. "मग चूळ भरलीस का?"

त्या हसल्या नाहीत. वाक्य आधी कसं होतं आणि मग कसं झालं, ते त्यांनी त्याला म्हणून दाखवलं. "कुणी खोटं बोललं असतं ना, तर मी भांडले असते. एकही खोटं बोललं नाही. एकेकानं आपापल्या बाजूनं एकेक चावा घेतला, चघळून चघळून मऊ केलं, आणि सगळ्यांचं ते उष्टं माझ्या ताटात ठेवलं. उद्या समितीपुढे मी ते वाचायचं. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना हो. फोरमनच्या हातानं मी पाणी प्यायलेय. या माणसांची किळस येईल असं कधी वाटलं नव्हतं."

"मग तिथेच का नाही म्हणालीस, की हे चालणार नाही?"

"मला मत नाही."

"कुणी ठरवलं?"

"मीच."

त्यानं ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. "नियम मोड."

"आज मोडला, तर उद्यापासून त्या पाचांतलं कुणी कुणासमोर तोंड उघडायचं नाही. सिस्टर पुन्हा शेवटच्या पानावर जातील. साहेब गेले की खात्याचं दारच बंद. सगळं जमवायला किती नाकदुऱ्या काढल्यात, ते तुम्ही बघितलंय."

"आणि नाही मोडला तर?"

"आजही एक आली दवाखान्यात. पोट हे एवढं. डोळे असे पिवळेजर्द. सिस्टरनंच सांगितलं, चहा पिताना. 'आरोग्यविषयक तक्रारी' लिहून घेतल्यावर."

नवऱ्यानं हळूच विचारलं, "पण त्या भांडी घासणाऱ्या बायांची कामं जातील हे तर खरंच ना?"

"जातील. काहींची जातील. ते मला डाचतंय. पण बाई जिवंत राहिली तर दुसरं काम शोधेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीच्या दालनाबाहेर बाकावर सगळे ओळीनं बसले होते. फोरमननं केसांना पाणी लावून भांग पाडला होता. मुकादमबाई त्याच्याशेजारी बसल्या. सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाळी करू या का एक? सवय राहू दे. सिस्टरचं काम तुम्ही सांगा."

फोरमन खुलला. "सिस्टरचं? त्यात काय! कावीळ आहे. वस्ती पिवळी पडलीय. पोटुशी बाई त्यात मरते."

सिस्टर पलीकडून ऐकत होत्या. "बरोबर," त्या म्हणाल्या.

"आणि सिस्टर, फोरमनचं?"

"पाइप गटारातून गेलाय आणि सांधा फुटलाय. गळती आहे. दिवसाकाठी गिळतो तो ती घाण."

सर स्वतःहून पुढे सरसावले. त्यांनी वस्तीचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, कुठल्या नळापासून कुठल्या नळापर्यंत तेही सांगितलं. समाजशास्त्राच्या बाई म्हणाल्या, साहेबांचं मी सांगते, हे काम आज झालं नाही तर केलं काय आणि न केलं काय, सारखंच. तेवढ्यात साहेब फोनवर बोलत बोलत आले. फोन कानापासून जरा लांब धरून त्यांनी विचारलं, "काय, पाळी चाललीय? मला सरांचं द्या."

"द्या उत्तर. कावीळ कशामुळे?" मुकादमबाईंनी विचारलं.

"त्या पाण्यामुळे! शेंबडं पोरही सांगेल, मॅडम," साहेब हसले आणि पुन्हा फोनवर गेले.

मुकादमबाई बसल्या जागी आक्रसल्या. कुणालाच काही पटवायचं उरलं नव्हतं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, आणि दुसऱ्याचं सांगताना प्रत्येकाची जीभ मोकळी होती. बंद होत होती ती फक्त स्वतःच्या हद्दीत. आणि ती हद्द एकेकाला आखून कुणी दिली होती? मान हलवण्याचा कारखाना कुणी काढला होता? त्यांना आपल्याच हाताची शिसारी आली. बाकावरून उठून त्या नळाशी गेल्या, हात धुतले, पुन्हा धुतले. मग दालनाचं दार उघडलं.

आत समितीचे अध्यक्ष, त्यांच्या दोन्ही बाजूंना सभासद, सगळ्यांसमोर पुन्हा त्याच बाटल्या. अध्यक्षांच्या समोर एकटी खुर्ची प्रमुखांसाठी. पाच जणांसाठी मागे रांग. मुकादमबाईंनी अहवाल वाचला. मुख्य वाक्य आलं तेव्हा तेही वाचलं, जसंच्या तसं, एकही शब्द न गाळता, आणि इतकं ठणठणीत वाचलं, की मागे फोरमननं चुळबुळ केली.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "संतुलित आहे. नाही तर तुम्ही विद्वान लोक येता आणि भीती घालून जाता. यावर सगळ्यांचं एकमत आहे ना?"

"पूर्ण एकमत, सर," साहेब मागून म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"मग 'योग्य वेळी विचार' अशी नोंद करू आणि पुढचा विषय घेऊ."

सभासदांनी कागद उलटले. कुणी तरी घड्याळ बघितलं. मुकादमबाईंनी अहवाल मिटून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला, खुर्ची मागे सरकवली, आणि दालनातून बाहेर जाण्याऐवजी मागच्या रांगेत येऊन सिस्टरच्या शेजारी बसल्या. समोरची खुर्ची रिकामी. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय झालं, मॅडम? बरं वाटत नाहीये का?"

साहेब सिस्टरच्या पाठीमागून वाकले आणि दबक्या आवाजात, पण सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, हे काय करताय? एकमत झालंय. माना तुम्हीच मोजल्यात काल!"

त्यावर मुकादमबाई उभ्या राहिल्या आणि जे बोलल्या ते असं:

"मोजल्या, साहेब. आणि मुकादमाला मत नाही हा नियमही माझाच, म्हणून या घडीपासून मी मुकादम नाही; ती खुर्ची ज्याला हवी त्यानं घ्यावी. आता मी या रांगेतली सहावी, आणि सहावी मान हलत नाही, म्हणजे ते वाक्य गेलं. माझं वाक्य लिहून घ्या, अध्यक्षसाहेब, आणि त्याखाली एकटीचं नाव घाला: खालच्या वस्तीतल्या नळांना गटाराचं पाणी येतं, त्यामुळे तिथे कावीळ झाली आहे, गळती आज बंद करा आणि आज दुपारपासून टँकर पाठवा. या पाचांना दोष देऊ नका. फार चांगली माणसं आहेत. त्या चांगुलपणाचीच मला कालपासून ओकारी येतेय, आणि त्यात निम्मा वाटा माझाच आहे."